खवळलेला समुद्र, अंधार आणि एकटी नाविक: एका रात्रीतील निर्णयांचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील परिस्थिती अभ्यासासाठी रचलेली आहे. मात्र तिच्यातील प्रत्येक अडचण किनाऱ्यापासून दूर एकट्याने शिडाची बोट हाकणाऱ्या माणसासमोर केव्हा ना केव्हा उभी राहतेच. बोट सुमारे ३२ फूट, म्हणजे पावणेदहा मीटर लांबीची आहे. तिला लांब व जड कील, म्हणजे तळाखालचा वजनदार कणा, आहे आणि डोलकाठी एकच आहे. मोठे शीड तीन टप्प्यांत आखडता येते, पुढच्या तारेवर गुंडाळीचे मोठे जिब, म्हणजे पुढचे त्रिकोणी शीड, आहे, आणि त्याच्या आत आणखी एक तार असून तिच्यावर लहान वादळी जिब चढवता येते. वाऱ्याच्या दिशेवरून सुकाणू धरणारे विंडव्हेन मागे बसवलेले आहे. बोटीवर एकच व्यक्ती आहे, अनुभवी, आणि प्रवासाचा तिसरा दिवस चालू असल्यामुळे झोपेची थकबाकी वाढलेली. स्थळ उत्तर गोलार्धातील मध्यम अक्षांशांचे, काळ शरद ऋतूचा, रात्र चंद्र नसलेली. बोट पूर्वेकडे चालली आहे, वारा नैऋत्येचा, आणि पूर्वेचा किनारा अजून ९० सागरी मैल दूर आहे.

हवामानाच्या अंदाजात रात्री शीत आघाडी, म्हणजे थंड हवेची पुढे सरकणारी कड, येणार असल्याचे सांगितले होते. ती येताना वारा नैऋत्येकडून वायव्येकडे वळेल आणि बोफर्ट मापनातील आठव्या क्रमांकाला, म्हणजे ३४ ते ४० नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जाईल असा इशारा होता. दुपारी एक वाजता १००९ हेक्टोपास्कल दाखवणारे बॅरोमीटर चार वाजता १००४ वर आले. तीन तासांत ३.६ ते ६ हेक्टोपास्कल उतरणे सागरी हवामानशास्त्रात जलद घट मानले जाते, त्यामुळे अंदाज खरा ठरणार याबद्दल नाविकाला शंका घेण्याचे कारण उरले नव्हते. प्रश्न एवढाच होता की अंधार पडायला उरलेले अडीच तास कशासाठी वापरायचे.

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मला याच अडीच तासांत दिसतो. बोट त्या वेळी सहा नॉटने सुरेख पळत होती आणि शीड आखडले तर वेग जाणार होता. तरीही साडेचार वाजता नाविकाने मोठे शीड तिसऱ्या टप्प्यापर्यंत आखडले, गुंडाळीचे जिब पूर्ण गुंडाळले आणि आतल्या तारेवर वादळी जिब चढवून उभारले. त्या घडीच्या वाऱ्याला हे कापड अपुरे होते. बोट चार नॉटवर आली. पूर्ण चमू असलेल्या बोटीवर ही घाई कदाचित भित्रेपणाची ठरली असती. एकट्याचा हिशेब मात्र वेगळा असतो. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून २० नॉटचा वारा ३० नॉट झाला की शिडावरचा दाब सव्वादोन पट होतो. तोच हात, तोच दोर, तो आवळणारा तोच विंच, आणि काम सव्वादोन पट, तेही अंधारात व हलत्या डेकवर. बोटीला किती सोसेल यापेक्षा, एका माणसाला एका हाताने काय आवरता येईल, हेच एकट्या नाविकाचे माप असले पाहिजे, कारण दुसरा हात बोटीला धरण्यात गुंतलेला असतो.

शीड आखडण्याखेरीज तिने बरीच किरकोळ वाटणारी कामे उरकली. तिन्ही टप्प्यांच्या दोरांच्या टोकांना तिने अनुक्रमे एक, दोन आणि तीन गाठी मारून ठेवल्या होत्या, म्हणजे दिवा न लावता बोटांना दोर ओळखता यावा. जॅकलाइन, म्हणजे डेकवरून पुढपासून मागपर्यंत ताणलेला सुरक्षा-पट्टा, कडेने न नेता शक्य तितका मध्यावरून नेला, जेणेकरून तोल गेला तरी टिथर, म्हणजे अंगावरच्या हार्नेसला जोडलेला पट्टा, माणसाला कठड्यापलीकडे जाऊ देणार नाही. केबिनच्या दाराच्या फळ्या बसवून त्यांना अडकण लावली. मळमळीवरील गोळी चार वाजताच घेतली, कारण उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. थर्मासमध्ये गरम सूप भरले, हेडलॅम्पचा लाल प्रकाश तपासला आणि अंधार पडण्याआधी चाळीस मिनिटे झोप काढली. या झोपेला मी शिडाच्या तिसऱ्या टप्प्याइतकेच महत्त्व देतो. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाच्या शरीराची जागरूकता नैसर्गिकरीत्याच तळाला गेलेली असते आणि आघाडी नेमकी त्याच सुमारास अपेक्षित होती.

एक काम मात्र अर्धवट राहिले. गुंडाळलेल्या जिबला दोराचे दोन-तीन जादा वेढे देऊन गुंडाळी फिरवणारे पुढचे चक्र बांधून टाकायला हवे होते. गुंडाळी वरच्या भागात सैल होती आणि उजेडात ती चांगली दिसतही होती. त्याचे परिणाम पुढे आले.

रात्री दहा चाळीसचा निर्णय

आठ वाजता वारा २८ नॉटवर गेला आणि बोट पुन्हा साडेसहा नॉटने, वारा मागच्या उजव्या बाजूने घेत पळू लागली. अशा दिशेने पळताना वाऱ्याचा खरा जोर कळत नाही, कारण बोटीचा स्वतःचा वेग त्यातून वजा होतो. खरा वारा ३० नॉट असेल तर या दिशेत डेकवर तो २६ नॉटच वाटतो. त्याच वेळी बोट वाऱ्याकडे वळवली तर तो एकदम ३१ च्या घरात जातो आणि शिडावरचा दाब जवळजवळ दीडपट होतो. पळताना ‘अजून ठीक आहे’ असे वाटणे आणि वळल्यावर हबकून जाणे, या दोन्ही गोष्टी यातूनच होतात.

रात्रीची दुसरी अडचण डोळ्यांची. दिवसा सुकाणूवर बसलेला माणूस मागे वळून लाट पाहतो, तिचा माथा फुटतो आहे का हे जोखतो आणि बोटीचे मागचे टोक तिच्याकडे सरळ करतो. अंधारात हे जमत नाही. लाट आधी ऐकू येते, मग मानेवरचा वारा क्षणभर पडतो, आणि मग बोट उचलली जाते; या तिन्हींत मिळून दोन-तीन सेकंदही जात नाहीत. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या दिव्याचा एक झोत तो सराव क्षणात पुसून टाकतो. म्हणून सुकाणूवर बसून लाटांमधून वाट काढत रात्र काढू, हा विचार एकट्या माणसाने रात्री करूच नये असे माझे मत आहे. सुकाणूवरचा अर्धा-पाऊण तास जमतो. नऊ तास जमत नाहीत, आणि आठव्या तासाला होणारी चूक दुरुस्त करायला तिथे दुसरे कोणी नसते.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी ३८ नॉटचा झोत आला आणि त्याच वेळी मागून उचललेल्या लाटेवरून बोट साडेआठ नॉटने घसरली. विंडव्हेनला ती आवरली नाही. बोट उजवीकडे, वाऱ्याच्या दिशेने गर्रकन वळली, आडवी कलली, बूमचे, म्हणजे मोठ्या शिडाखालच्या आडव्या दांड्याचे, टोक पाण्यात घासले आणि काही क्षणांनी ती पुन्हा सरळ झाली. काहीच मोडले नाही. पण हा इशारा स्पष्ट होता: समुद्राच्या मानाने बोट जास्त वेगात होती आणि यंत्राच्या हातून सुकाणू सुटू लागले होते.

तिच्यापुढे चार वाटा होत्या. पहिली, तसेच पळत राहणे. ती वर सांगितलेल्या कारणाने बाद. दुसरी, सगळी शिडे उतरवून बोट जशी पडेल तशी सोडून देणे. ही वाट थकलेल्या माणसाला फार मोहात पाडते आणि खवळलेल्या समुद्रात तीच सर्वांत धोक्याची असते, कारण अशी सोडलेली बोट लाटांना आडवी होऊन पडते. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत १३ आणि १४ ऑगस्टदरम्यानच्या रात्री वादळाने ३०३ बोटींच्या ताफ्याची दाणादाण उडवली आणि १५ स्पर्धक दगावले. त्यानंतर साउदॅम्प्टन विद्यापीठात प्रतिकृतींवर झालेल्या चाचण्यांतून असे दिसले की बोटीच्या लांबीच्या सुमारे ३० टक्के उंचीची फुटती लाट आडवी आदळली तर बोट उलटू शकते, आणि ६० टक्के उंचीची असेल तर जवळजवळ कोणतीही बोट पूर्ण गिरकी खाते. या बोटीच्या बाबतीत हे आकडे सुमारे २.९ आणि ५.९ मीटर येतात. अंदाजातील ‘४ मीटर लाटा’ ही सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. हजारेक लाटांत एखादी तिच्या जवळजवळ दुप्पट येणे अपेक्षितच असते, आणि आठ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या हजार लाटा सव्वादोन तासांत संपतात. तेव्हा रात्रभरात तशी लाट येईल का, हा प्रश्नच नाही. ती येईल तेव्हा बोटीने तिला कोणती बाजू दाखवलेली असावी, एवढेच आपल्या हाती असते.

तिसरी वाट मागून ड्रोग, म्हणजे वेग मोडण्यासाठी पाण्यात ओढत ठेवायचा अडसर, सोडण्याची. लांब दोरावर शंभराहून अधिक छोटे कापडी शंकू शिवलेला जो ड्रोग अमेरिकी अभियंता डोनाल्ड जॉर्डन यांनी विकसित केला आणि ज्याच्या चाचण्यांचा अहवाल अमेरिकी तटरक्षक दलाने १९८७ मध्ये काढला, तो तिच्याकडे पिशवीत भरून तयार होता. तो बोटीचे मागचे टोक लाटांकडे धरून ठेवतो आणि वेग एक-दोन नॉटवर आणतो. पण तो एकट्याने परत ओढून घेणे फार कष्टाचे असते, आणि आघाडी गेल्यावर लाटा दोन दिशांनी येणार होत्या. तिने तो राखून ठेवला, आणि हे मला पटते: सर्वांत मोठा उपाय हाताशी शिल्लक असला की मधला उपाय शांतपणे करता येतो.

चौथी वाट हीव्ह-टूची, म्हणजे शिडे आणि सुकाणू एकमेकांविरुद्ध लावून बोट जवळजवळ थांबवण्याची. तिने ती निवडली, आणि इथे दुपारच्या तयारीचे मोल दिसते. तिला कॉकपिट सोडावेच लागले नाही. दोन लाटांमधला शांत पट्टा येईपर्यंत थांबून तिने बोट उजवीकडे वाऱ्याच्या दिशेने वळवली, वादळी जिबचा दोर वाऱ्याकडच्या बाजूने ओढून ते शीड उलटे भरू दिले, मोठ्या शिडाचा दोर आवळला आणि बोटीचा वेग मोडल्यावर सुकाणूचा दांडा वाऱ्याआडच्या बाजूला ढकलून दोराने बांधला. जिब बोटीचे तोंड वाऱ्यापासून दूर ढकलते, मोठे शीड आणि सुकाणू ते पुन्हा वाऱ्याकडे आणतात. बोट वाऱ्याशी सुमारे पन्नास अंशांवर स्थिरावली आणि दीड नॉटने वाहू लागली. त्या वेगाने आठ तासांत बारा मैल. किनारा अजून त्याच्या कितीतरी पट दूर. जागा पुरेशी होती. लांब कीलच्या बोटी असे थांबणे सहज मान्य करतात. अरुंद व खोल कीलच्या हलक्या बोटींना ते पुष्कळदा जमत नाही, आणि आपली बोट कोणत्या जातीची आहे याचा शोध चांगल्या हवेत आधीच लावलेला असावा.

वारा कोणत्या बाजूला घेऊन थांबायचे, याचाही तिने विचार केलेला होता. वारा उजव्या बाजूने घेतल्यामुळे नैऋत्येच्या वाऱ्यात बोटीचे तोंड दक्षिणेकडे राहिले. वारा वायव्येकडे वळला की तेच तोंड पश्चिमेकडे फिरणार होते आणि नैऋत्येच्या जुन्या लाटा डाव्या बाजूने पण पुढूनच येणार होत्या. वारा डावीकडून घेतला असता तर वाऱ्याच्या बदलानंतर तोंड उत्तरेकडे गेले असते आणि जुन्या लाटा मागच्या डाव्या कोपऱ्यावर आदळल्या असत्या. ही एवढी गोष्ट आधी कागदावर बाण काढून पाहिली तर दोन मिनिटांत कळते. अंधारात थकलेल्या डोक्याला ती सहसा सुचत नाही.

फडफडणारे शीड

सव्वा वाजता अर्धवट राहिलेले काम उलटले. गुंडाळलेल्या जिबच्या वरच्या भागात वारा शिरला, कापडाचा एक पिसारा सुटला आणि धाडधाड फडफडू लागला. डोलकाठीला बसणारे हादरे केबिनच्या फळ्यांपर्यंत जाणवत होते. तिने दोन्ही बाजूंचे दोर विंचवर आवळले. खालचा भाग घट्ट झाला, वरचा झाला नाही. गुंडाळीचा दोर चक्रावर संपलेला होता. पक्का उपाय एकच: बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत सरपटत जाऊन चक्र हाताने फिरवणे.

हार्नेस अंगात, टिथर जॅकलाइनला लावलेला, अशी ती कॉकपिटच्या कडेपर्यंत गेली आणि तिथेच थांबून तिने पाच मिनिटे पुढच्या टोकाकडे पाहिले. लाल दिव्याच्या उजेडात दर तिसऱ्या-चौथ्या लाटेला ते टोक पूर्ण पाण्याखाली जात होते. ती परत फिरली. शीड फाटू द्यायचे ठरवले. दोनच्या आत ते वरून खाली चिरत गेले, चिंध्या उरल्या आणि हादरे थांबले.

या निर्णयावर मतभेद होऊ शकतात. डोलकाठी गेली असती तर काय, असा प्रश्न रास्त आहे. फडफडीने तारा सैल होतात आणि काठ्या पडल्याची उदाहरणे आहेत. तरीही मी तिच्या बाजूने आहे. एरिक ताबार्ली हे फ्रान्सचे नामवंत दर्यावर्दी. हयातभर समुद्र पाहिलेला हा माणूस जून १९९८ मध्ये रात्री शिडांचे काम करताना स्वतःच्या बोटीवरून समुद्रात फेकला गेला. सोबत माणसे होती, हार्नेस नव्हता, आणि त्यांना वाचवता आले नाही. हार्नेस असला म्हणजे सगळे भागते असेही नाही. २०१७ मध्ये एका जागतिक शर्यतीत टिथरची आकडी डेकवरच्या खुंटीखाली तिरकी अडकली, आडव्या ताणाने वाकून सुटली आणि पुढच्या टोकावर काम करणारा खलाशी प्राणाला मुकला. आकडी तिच्या लांबीच्या दिशेने ओढ सोसते, आडवी सोसत नाही, आणि रात्री पाण्याखाली जाणाऱ्या डेकवर ती कशी बसली आहे हे पाहता येत नाही. एकटा माणूस टिथरला लटकून बोटीबाहेर लोंबकळू लागला तर त्याला वर ओढणारे कोणी नसते. शीड नवे घेता येते. काठी गेली असती तरी बोट तरंगत राहिली असती: फास्टनेटमध्ये सोडून दिलेल्या २४ बोटींपैकी १९ नंतर तरंगत्या सापडल्या.

आघाडी आणि जहाज

दोन वीसला मुसळधार पाऊस आला आणि काही मिनिटांत वारा वायव्येकडे वळून ४४ नॉटच्या झोतांनी वाहू लागला. बोट अपेक्षेप्रमाणे पश्चिमेकडे फिरली. नाविक केबिनमध्ये, वाऱ्याआडच्या बाजूच्या बाकावर, कापडी आडोसा बांधून पडून होती. कॉकपिटमध्ये बसून तिने करण्यासारखे काही नव्हते, म्हणून हीच तिची योग्य जागा. नव्या आणि जुन्या लाटा एकमेकींना छेदू लागल्या की त्यांच्या माथ्यांची बेरीज होते आणि उभे, टोकदार सुळके उठतात. लाटेची उंची तिच्या लांबीच्या सातव्या हिश्शावर गेली की ती फुटते, आणि असे सुळके ती मर्यादा चटकन ओलांडतात. पावणेतीनच्या सुमारास असाच एक सुळका डाव्या बाजूवर फुटला. बोट सत्तर अंशांपर्यंत कलली आणि उठली. दाराच्या फळ्यांनी पाणी अडवले. फटींतून आले ते तळातले पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाने निघाले. बॅटऱ्या पट्ट्यांनी जखडलेल्या असल्याने हलल्या नाहीत. पण हवाबंद डब्यांचा एक कप्पा केवळ चुंबकाच्या झाकणावर होता. तो उघडला आणि अर्धा किलोचा डबा केबिन ओलांडून समोरच्या फळीत खोक पाडून गेला. बाकावर ती उलट्या दिशेने डोके करून झोपली असती तर तो तिच्या कपाळावर बसला असता.

चार वाजून दहा मिनिटांनी एआयएसचा, म्हणजे जहाजांची स्थाने रेडिओवरून एकमेकांना कळवणाऱ्या यंत्रणेचा, गजर वाजला. नऊ मैलांवरचे एक मालवाहू जहाज १७ नॉटने येत होते आणि अर्ध्या मैलाच्या आतून जाणार होते. हाताशी अर्धा तास होता. इथे एक तांत्रिक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. छोट्या बोटींवरचे नेहमीचे ब वर्गाचे एआयएस बोट दोन नॉटपेक्षा वेगात असताना दर ३० सेकंदांनी आपले स्थान कळवते. वेग दोन नॉट किंवा त्याहून कमी झाला की तीन मिनिटांनी एकदाच. म्हणजे हीव्ह-टू केलेली बोट जहाजाच्या पडद्यावर क्वचित उमटते, आणि रडारवर तर फेसाळ लाटांच्या गोंगाटात हरवून जाते. म्हणून जहाज आपल्याला पाहील असे गृहीत न धरता तिने व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर जहाजाला नावाने हाक मारली, स्वतःचे स्थान सांगितले, ‘शिडाची बोट, हीव्ह-टू, वळण्यास जवळजवळ असमर्थ, एकटी व्यक्ती’ असे कळवले आणि अधिक अंतर ठेवून जाण्याची विनंती केली. जहाजाने मार्ग बदलला. नावाने मारलेली हाक आणि ‘सर्व जहाजांना’ अशी मारलेली हाक यांत मोठा फरक पडतो. नाव ऐकले की ब्रिजवरचा अधिकारी सहसा उत्तर देतो.

हीव्ह-टू केलेली बोट नियमांच्या दृष्टीने चालतीच मानली जाते, म्हणून तिने नेहमीचे मार्गदीप लावून ठेवले होते. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करविरोधी नियमांतील पाचवा नियम सतत नजर ठेवण्यास सांगतो, आणि झोपणारा एकटा नाविक तो अक्षरशः पाळू शकत नाही, हे मान्य करूनच काळजी घ्यावी लागते. मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा सहा मैलांवरून दिसावा अशी अट आहे. जहाज १८ नॉटने आणि बोट सहा नॉटने समोरासमोर येत असतील तर ते सहा मैल पंधरा मिनिटांत संपतात. वीस मिनिटांच्या झोपेची सवय या हिशेबात बसत नाही. थांबलेल्या बोटीला जरा जास्त वेळ मिळतो, पण लाटांच्या खळग्यात असताना दिवे दिसतच नाहीत, म्हणून गजर हाच त्या रात्रीचा खरा पहारेकरी होता.

उजाडल्यावर

पावणेसहाला फटफटले. वारा ३० नॉटवर उतरला होता आणि आकाश स्वच्छ होत होते. याच वेळी पुन्हा शिडे उघडण्याची घाई पुष्कळ जण करतात. वारा काही तासांत पडतो, लाटा मात्र मागे राहतात, आणि वारा कमी झालेल्या बोटीला त्यांच्यावर चढायला जोर उरत नाही. तिने साडेनऊपर्यंत बोट तशीच थांबवून ठेवली, गरम सूप घेतले आणि तुकड्या-तुकड्यांनी झोपली.

निघण्यापूर्वी तिने दुर्बिणीतून डोलकाठीवरच्या तारांची टोके पाहिली, सुकाणूच्या दांड्याला बांधलेला दोर कुठे झिजला आहे ते पाहिले, तळाचे पाणी पुन्हा मोजले आणि मगच टिथर लावून पुढच्या टोकाकडे गेली. फाटलेल्या जिबच्या चिंध्या पुढच्या तारेभोवती गुंडाळून तिने दोराचे सहा वेढे मारले आणि चक्र खुंटीला बांधले. मग सुकाणू सोडले, वादळी जिबचा दोर वाऱ्याआडच्या बाजूला घेतला आणि मोठे शीड तिसऱ्या टप्प्यावरच ठेवून बोट पूर्वेकडे वळवली.